सुरू होण्याआधीचं कुलूप

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज एका परक्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत ऑफिसचा कॉम्प्युटर उघडला. पासवर्डशिवाय. दीड मिनिटात!

क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

सकाळी प्रिंटरने कागद गिळला. दुकानात फोन केला. प्रिंटरवाले नेहमीच्या सुरात म्हणाले, "बघतो, कुणाला तरी पाठवतो." बाराच्या सुमारास दार वाजलं. तिशीच्या आतला, अंगाने बारीक, पाठीला पिशवी. "कॉम्प्युटर, प्रिंटर, काही दुरुस्तीचं काम आहे का?" मी म्हटलं, "दुकानातून आलात ना? या आत." तो म्हणाला, "हो."

कागद चिमट्याने ओढून काढला. मग टेबलामागे वाकून वायरींचा गुंता पाहिला आणि म्हणाला, "मावशी, यात पाय अडकून एक दिवस पडाल." न सांगताच सगळ्या वायरी सोडवल्या. पिशवीतून कापडाच्या काठाच्या पट्ट्या काढल्या आणि चार जुड्या बांधल्या. इतकं नीटनेटकं काम की मला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आमच्या यांचीच आठवण झाली.

मग म्हणाला, "एकदा बंद करून सुरू करतो." मी पासवर्ड टाकायला पुढे सरसावले तर हात आडवा धरला. "थांबा. नको." सुरू होताना काळ्या पडद्यावर दोन-तीन ओळींची यादी येते. सहा वर्षांत मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. तिथे त्याने एक बटण दाबलं. ओळीच ओळी आल्या. त्यातल्या एकीच्या शेवटी दहा-बारा अक्षरं जोडली, अजून एक बटण - आणि झालं! नाव विचारलं नाही, पासवर्ड विचारला नाही. कॉम्प्युटर त्याच्या पुढ्यात उघडा.

"पाणी मिळेल का मावशी?" मी आतल्या खोलीत जाऊन पाणी घेऊन आले. तो तसाच बसलेला. हात मांडीवर, डोळे पडद्यावर. त्याने पाणी तसंच बाजूला ठेवलं.

"इथे काय ठेवता?"

"बायकांची माहिती," मी म्हटलं.

"कुणाला हवी असेल अशी आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं - "ज्यांच्यापासून त्या पळून आल्यात त्यांना हवी असते."

त्याने मान खाली घातली. मग कॉम्प्युटर बंद केला आणि म्हणाला, "हे भोक बुजवा. आजच्या आज."

त्या यादीला बूट लोडर म्हणतात म्हणे. मला आधी चपलांचंच काहीतरी वाटलं. कॉम्प्युटर जागा होताना सगळ्यात आधी हा उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. आमचा पासवर्ड म्हणजे आतल्या खोलीचं कुलूप. याला थोपवलं नाही तर कुणीही तिथूनच घुसून मालक होऊन बसतं. एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर त्याने पायऱ्या लिहून दिल्या. मी म्हटलं, तुम्हीच करून द्या ना. तर म्हणाला, "नाही मावशी. तुमचा पासवर्ड मला कळता कामा नये." आणि गेला. पाणी न पिताच.

सतरा बायका. सध्या कोण कुठे राहते ते सगळं त्या एका डब्यात. त्यांच्यातल्या शिंपीणबाईंचा नवरा दोनदा आमच्या जिन्यावर येऊन उभा राहून गेलाय. एकदा तर हसून "नमस्कार" म्हणाला. त्याला एवढंच हवंय - एक पत्ता.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

झालं! मी केलं! पन्नाशीच्या टायपिस्टबाईने!

मोठ्या बाईंना सकाळीच सगळं सांगितलं. संस्था त्यांनी उभी केली, त्यामुळे त्या घाबरत नाहीत, फक्त चष्मा पुसतात. आज तीनदा पुसला. मग म्हणाल्या, "कपाटासारखं करू."

आमच्या लोखंडी कपाटाला दोन कुलुपं आहेत. एकाची किल्ली त्यांच्याकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. एकटीने कुणी उघडायचं नाही. माझा हात पिरगळून कुणी किल्ली घेतली तरी उपयोग नाही, असा त्यांचा हिशेब. तर पासवर्डही अर्धा-अर्धा. पहिला अर्धा माझा, दुसरा त्यांचा. एक टाइप करत असेल तेव्हा दुसरीने भिंतीकडे तोंड करायचं. शिक्षा झालेल्या पोरींसारख्या उभ्या राहिलो आळीपाळीने.

फॉर्मवरची एकेक पायरी बोट ठेवून केली. आमच्या पासवर्डची कॉम्प्युटरने हातभर लांब गिचमिड करून दिली, म्हणजे फाइलमध्ये पाहणाऱ्याला मूळ शब्द कळायला नको. ती गिचमिड सांगितलेल्या फाइलमध्ये चिकटवली. मग ती यादी नव्याने तयार करायची आज्ञा दिली. बंद केला. सुरू केला. कालचं ते बटण दाबलं - आणि त्याने विचारलं, कोण तुम्ही? पासवर्ड काय?

मुद्दाम चुकीचा टाकला. हाकलून दिलं. पुन्हा टाकला. पुन्हा हाकललं. इतकं बरं वाटलं की मी चारदा अपमान करून घेतला. मग दोघींनी खरा टाकला आणि गुमान उघडला.

शेवटची पायरी मात्र मी गाळली. "साधं सुरू होताना विचारू नये म्हणून हा एक शब्द जोडा," असं होतं. कशाला? साधं सुरू करतानाही विचारू दे की! जितकं कडक तितकं बरं. मोठ्या बाई म्हणाल्या, "मग रोज सकाळी दोघी लागणार." मी म्हटलं, बंदच करायचा नाही. हाय काय नि नाय काय.

पेन ड्राइव्ह लावून बाजूने घुसता येतं, तेही बंद केलं. फॉर्मच्या तळाशी लिहिलंय, "डबाच उचलून नेला तर यातलं काही कामाचं नाही." म्हणून संध्याकाळी यांना बोलावून डबा सायकलच्या साखळीने टेबलाला बांधून घेतला. हे म्हणाले, "कुत्र्यालाही कुणी इतकं बांधत नाही." काय आहे त्यात, ते मात्र विचारलं नाही. सहा वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. लग्नात हा एक गुण पारखून घ्यायचं सुचलं नव्हतं, फुकटात मिळाला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सलग सात तास झोपले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मोठ्या बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्या. त्यांची मुलगी न्यायला आली. जाता जाता म्हणाल्या, "सोमवारी दुपारी कोर्टात तारीख आहे, शिंपीणबाईंचा जबाब छापून वकीलबाईंना दे. आणि ते यंत्र बंद करू नकोस."

"मी कशाला बंद करतेय?" मी म्हटलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

मी बंद केला नाही. वीजवाल्यांनी केला.

साडेदहाला दिवे गेले. खालची बॅटरी दोन वेळा टीं टीं करून मेली. अकराला दिवे आले, आणि कॉम्प्युटर काळा चेहरा करून विचारतोय - कोण तुम्ही? पासवर्ड काय?

अर्धा माझ्याकडे. अर्धा डोळ्यावर पट्टी बांधून पडलेला.

जबाब आत. वकीलबाई कोर्टात. अडीचला पुकारा. जबाब नसेल तर नवऱ्याला दूर ठेवण्याचा हुकूम आज मिळणार नाही, पुढची तारीख कधी ते देव जाणे. शिंपीणबाईंना आठ दिवस समजावलं होतं की भिऊ नका, कागद तयार आहे. आणि तो कागद मी माझ्याच हाताने कोंडून ठेवलेला! शेवटच्या पायरीचा तो एक शब्द. कडक तितकं बरं म्हणे. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मोठ्या बाईंना फोन केला. म्हटलं, तुमचा अर्धा सांगा, मी भिंतीलाही सांगणार नाही. पलीकडून शांतपणे - "फोनवर नाही. येते." डॉक्टरांनी हलू नका सांगितलेलं! बाराला आल्या, मुलीचा दंड धरून, एका डोळ्यावर पांढरी टोपी, दुसरा उजेडाने मिटलेला. मुलगी माझ्याकडे असं बघत होती की मी खुर्चीत अर्धी झाले. तिलाही बाहेर थांबवलं - नियम तो नियम.

मी माझा अर्धा टाकला, भिंतीकडे वळले. त्यांनी टाकला. हाकललं. पुन्हा. हाकललं. टाकताना पडद्यावर काही दिसतही नाही, एक टिंबसुद्धा नाही, त्यामुळे चुकतंय कुठे तेही कळत नाही. तिसऱ्यांदा हाकलल्यावर मी हळूच विचारलं, "बाई, भूल दिली होती ना... आठवतंय ना नीट?"

"मला भूल डोळ्याला दिली होती," त्या म्हणाल्या. "डोक्याला नाही."

एक वाजला. चौथ्या वेळी मी नियम मोडला. भिंतीवरून मान वळवली. आकडे पाहिले नाहीत, शपथ - फक्त त्यांचा हात पाहिला. उजव्या कडेला आकड्यांचा जो चौकोन असतो ना, त्यावर. त्या जन्मभर तिथेच टाइप करत आल्यात. आणि त्या चौकोनाचा बारका दिवा विझलेला! यंत्र नव्याने सुरू झालं की तो विझतो आणि तिथे दाबलेला एकही आकडा आत जात नाही. मंगळवारी त्यांनी तो दिवा बघून बटण दाबलं होतं. आज डोळेच नाहीत, दिवा दिसणार कसा? आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी. दोघी मिळून एक आंधळी कोशिंबीर.

बटण दाबलं. दिवा लागला. मी माझा अर्धा, त्यांनी त्यांचा. उघडला!

मी तिथेच खाली फरशीवर बसले. मोठ्या बाई म्हणाल्या, "बसतेस काय, छाप." प्रिंटरनेही लाज राखली. मी बोलावून ठेवलेले हे सायकल घेऊन खाली उभेच होते, पाकीट घेऊन सुटले. पावणेदोनला वकीलबाईंचा फोन - मिळालं.

चार वाजता पुन्हा फोन. तात्पुरता हुकूम झाला. नवऱ्याने तिच्या जवळपास फिरकायचं नाही, शोधायचं नाही. पक्क्या हुकुमासाठी अठराला तारीख. मी वकीलबाईंना "थँक्यू" म्हणायला गेले तर नुसतं नाक ओढल्याचा आवाज निघाला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काल घरी जाण्याआधीच मोठ्या बाईंनी फर्मान सोडलं होतं, "तो शब्द." आज आल्या आल्या तो शब्द जोडला. आता साधं सुरू करायला काही विचारत नाही. यादीत कुणी हात घालायला गेलं तरच हटकतो. त्या माणसाने बरोबर सांगितलं होतं, मीच जास्त शहाणी.

तो भेटला तर सांगायला हवं त्याला. प्रिंटरवाल्यांना विचारून त्याचा नंबर घेईन. तो आला नसता तर आम्ही अजून उघड्यावरच असतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शिंपीणबाईंचा फोन. सहा महिन्यांत पहिल्यांदा एकट्या बाजारात जाऊन दोरा घेऊन आल्या. रंग कोणता ते पाच मिनिटं सांगत होत्या. मी ऐकत बसले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी



प्रिंटरवाल्यांना फोन केला, नंबर मागायला. मी बोलायच्या आधीच ते - "ताई, माफ करा हं, त्या दिवशी माणूस पाठवायचा राहूनच गेला. उद्या पाठवू का?"

म्हणजे तो दुकानातला नव्हताच.

मीच म्हटलं होतं, दुकानातून आलात ना. शब्द मीच त्याच्या तोंडात घातला. त्याने फक्त हो म्हटलं. कोण होता? आणि पाणी! त्याने पाणी मागितलं आणि मी आत गेले. माठ रिकामा होता, नळाचं भरलं, तीन मिनिटं तरी सहज. कॉम्प्युटर उघडा आणि तो एकटा. पाणी त्याला नकोच होतं. म्हणूनच प्यायला नाही. मी त्याला घरात घेतलं, खुर्ची दिली आणि वर मावशी म्हणवून घेतलं!

चोर गेल्यावर मी कुलूप लावून नाचत होते दहा दिवस.

मोठ्या बाईंनी एका डोळ्याचा चष्मा पुसला. "सगळ्यात आधी शिंपीणबाईंना हलवू," म्हणाल्या. "शोधत इथवर येतो तो तिचाच नवरा. मग बाकीच्या." मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

नवी खोली संध्याकाळी मिळणार होती. तोवर शिंपीणबाईंना ऑफिसात आणून बसवलं. दोन पिशव्या आणि हातशिलाईचं मशीन, एवढाच संसार. रिकामं बसवेना म्हणून माझ्या ब्लाउजचं बटण लावायला घेतलं. सुई निसटून टेबलाखाली गेली. त्या वाकल्या, आणि वर येईचनात.

"ताई," टेबलाखालून आवाज आला, "या वायरी कुणी बांधल्या?"

मी सांगितलं. सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पट्टीचं एक टोक ओढलं. गाठ अलगद सुटली. दुसरीचं ओढलं, तीही सुटली. "कापलेल्या कपड्यांचे गठ्ठे मी असे बांधते," त्या म्हणाल्या. "एका टोकाला ओढलं की सुटते, दुसऱ्या टोकाला ओढलं की आवळते. ही गाठ मी एकालाच शिकवली आहे. माझ्या दिराला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आई नव्हती त्याला. मशीनजवळ बसून अभ्यास करायचा. नंतर कॉम्प्युटरचं शिकला."

नवऱ्याचा भाऊ. नवऱ्याचा सख्खा भाऊ आमच्या खुर्चीत बसून गेला!

"यांच्या शब्दाबाहेर नाही तो," शिंपीणबाई म्हणाल्या. "यांनीच पाठवलं असणार." पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पण हात मात्र सवयीने सुटलेल्या वायरी गोळा करून पुन्हा तशाच बांधत होते.

अंधार पडायच्या आत त्यांना नव्या खोलीवर सोडलं. मंगळवारी तारीख. नवरा समोर असणार, हातात पत्ता असो वा नसो.

रविवार, १६ फेब्रुवारी

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. पत्ता घ्यायला आलेला माणूस पत्ता घेऊन गुपचूप गेला असता. मला दाखवलं कशाला? आणि पायऱ्या कशाला लिहून दिल्या?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

हुकूम कायम झाला. वकीलबाई थेट कोर्टातून इथे आल्या, पर्स ठेवायच्या आधीच सांगू लागल्या. बाहेर व्हरांड्यात नवरा आपल्या वकिलावर खेकसत होता - "भावाला पाठवलं होतं मी तिकडे तीन तारखेला! रिकाम्या हाताने आला. म्हणे, त्यांच्या कॉम्प्युटरला सुरू होण्याआधीच कुलूप आहे, कुणालाच उघडत नाही."

तीन तारखेला कुलूप नव्हतं. भावाला त्याने ते सांगितलं तेव्हा ते धादांत खोटं होतं. चार तारखेला मी ते खरं केलं.